एक थेंबही सांडला नाही, मग रक्त गेलं कुठं? हाडाचं मोठं ऑपरेशन आणि रक्ताचा हिशेब

(ऑपरेशन थिएटरशेजारची खोली. टेबलावर पातेलंभर वरण, पळी, पाण्याचा तांब्या, गॉजचे तुकडे आणि एक वजनकाटा.)

नमस्कार.

मागे एकदा आमच्या दवाखान्याच्या पायरीवर एका मुलानं मला अडवलं. म्हणाला, "मॅडम, रक्त त एक थेंबही सांडलं नाही, मंग मायचं रक्त कमी कसं झालं?" त्याची आई कापूस वेचताना धुऱ्यावरून घसरली होती. खुबा मोडला. कातडी कुठं फाटली नाही, लुगड्यावर डाग नाही. आणि आम्ही त्याला सांगत होतो की रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय कर. त्याला वाटलं आपल्याला फसवताहेत. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

आजचा व्हिडिओ त्याच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घरी कुणाला रॉड टाकायचा आहे, खुब्याचा गोळा बदलायचा आहे, त्या सगळ्यांसाठी आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. हाडाचे डॉक्टर हाड जोडतात, तेवढा वेळ पेशंटच्या अंगात रक्त किती उरलं याकडे मी डोळे लावून बसलेली असते.

तर, रक्त गेलं कुठं? ते मांडीतच गेलं. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. आत मगज असतो, त्यात रक्ताच्या असंख्य बारीक वाटा असतात. हाड मोडलं की त्या वाटा उघड्या पडतात आणि रक्त बाहेर न येता आजूबाजूच्या मांसात मुरत जातं. मांडीचं लांब हाड मोडलं तर एक ते दीड लिटर रक्त मांडीच्या आत साठू शकतं. कमरेचा कडा, म्हणजे पेल्विस, फुटला तर दोन लिटरच्याही वर. बाहेरून काय दिसतं? मांडी थोडी फुगलेली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी निळी-काळी. बस.

आता त्या आजींचं वजन धरा 45 किलो. म्हातारपणी अंगात रक्त असतं साधारण किलोमागे 65 मिली. म्हणजे सगळं मिळून जेमतेम तीन लिटर. प्रवासात नेतो त्या पाण्याच्या एक लिटरच्या तीन बाटल्या डोळ्यासमोर आणा. त्यातली पाऊण बाटली मांडीत मुरली तर काय राहिलं, ते तुम्हीच बघा.

इथं एक गोष्ट मी पातेल्यावर दाखवते, कारण बोलून ती पटत नाही.

(पातेलं पुढं घेऊन.) हे वरण आहे, घट्ट. मी यातून दोन पळ्या काढून घेतल्या. आता उरलेलं वरण पातळ झालं का? नाही. कमी झालं, पण घट्ट तेवढंच. (तांब्यातलं पाणी ओतत.) आता पाणी घातलं. आता झालं पातळ.

तुमचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट वरण किती घट्ट आहे ते सांगतो, किती उरलं ते सांगत नाही. पडल्यावर तासाभरात तपासलं तर हिमोग्लोबिन 11 येतं, घरचे खुश होतात. मग सलाईन लागतं, पेशंट पाणी पितो, शरीर स्वतःही आतलं पाणी रक्तात ओढून घेतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच हिमोग्लोबिन 8.5 वर येतं. "तुमच्या दवाखान्यात आल्यावर रक्त कमी झालं" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. रक्त पडलं त्याच दिवशी गेलेलं असतं, कळतं उशिरा.

हे मी शिकले ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या एका चुकीतून. तेव्हा मी दुसऱ्या एका ठिकाणी होते. एक आजी होत्या, खुबा मोडून चौथा दिवस. फाईलमध्ये हिमोग्लोबिन 10.4 होतं, आणि ते पहिल्या दिवसाचं होतं. मी तारीख बघितली नाही. कमरेतून भूल दिली आणि पाच मिनिटांत ब्लडप्रेशर खाली गेलं, नाडी 130. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर कागदासारखी पांढरी. तेव्हाच तपासलं तर 7.1. ऑपरेशन तिथंच थांबवलं. आजी वाचल्या, पण ती 20 मिनिटं अजून माझ्या अंगावर काटा आणतात. त्या दिवसापासून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही.

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आता ऐका. नातेवाईक मला विचारतात, "बाटल्या किती लागतीन?" मी त्यांना उलटं विचारते, आत्ता हिमोग्लोबिन किती आहे? कारण ढोबळ हिशेब असा आहे. अंगात तीन लिटर रक्त, हिमोग्लोबिन 10, आणि 8 च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर आमच्या हातात सुमारे 600 मिली रक्त जाऊ देण्याइतकी जागा असते. त्याच वजनाच्या दुसऱ्या बाईंचं हिमोग्लोबिन 13 असेल, तर जागा होते जवळपास 1150 मिली. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. एकीला पिशवी लागेल, दुसरीला बहुतेक लागणार नाही. रक्त वाचवण्याचं अर्धं काम टेबलावर चढण्याआधीच झालेलं असतं.

म्हणून गुडघा बदलायचा आहे, खुब्याचा गोळा बदलायचा आहे, मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, अशी जी ठरवून करायची कामं आहेत, त्यांत सहा आठवडे आधी हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर का कमी आहे ते शोधायला सांगा. आपल्याकडच्या बायकांत बहुतेक वेळा लोह कमी असतं, पण कधी बी-12 कमी असतं, कधी जुनी मूळव्याध वर्षानुवर्षं वाहत असते आणि लाजेपायी कुणी सांगत नाही. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडे तर दिवसातून पाच वेळा चहा होतो. गोळीवर लिंबूपाणी घ्या. बीट, डाळिंब खा, त्यात वाईट काही नाही, पण 8 चं हिमोग्लोबिन बिटानं महिनाभरात 12 होत नाही. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं, तसं विचारा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवावी लागते, वॉरफॅरिन 5 दिवस. पण स्टेंट टाकलेला असेल तर स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका. हाडाच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ते ठरवायचं असतं.

मोडलेल्या खुब्याचं गणित मात्र वेगळं आहे. तिथं रक्त वाढायची वाट बघत महिनाभर थांबता येत नाही. म्हातारं माणूस बिछान्यावर पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं. तिथं गरज पडली तर आधी रक्त चढवून मग टेबलावर घेतो. आणि कृपा करून मोडलेल्या मांडीची मालिश करू नका. तुमच्या गावच्या हाडवैद्याबद्दल माझ्या मनात राग नाही, पण चोळल्यानं, ओढल्यानं आतलं थांबलेलं रक्त पुन्हा वाहायला लागतं. बांबूच्या दोन कामट्या, दुपट्ट्यानं पाय जसा आहे तसा बांधा आणि निघा. गाडीवरून जोरात पडून कमरेचा कडा फुटल्याची शंका असेल तर दुहेरी घडी घातलेली चादर खुब्यांच्या उंचवट्यावरून घट्ट आवळून बांधा. पोटावर नाही, खुब्यांवर. फुटलेला कडा जवळ आला की आतलं रक्त कमी सुटतं.

आता आपल्या विदर्भापुरतं एक बोलायलाच हवं. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, आमचा यवतमाळ, मेळघाट, सगळीकडे हा आजार आहे. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाटांत अडकतात आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. गोळा सुकतो, बसतो. त्यामुळे पंचविशीतला पोरगा लंगडत येतो आणि त्याला थेट गोळा बदलायची पाळी येते. अशा पेशंटला गारठा, तहान, ऑक्सिजनची कमतरता यांतलं काहीही चालत नाही, पेशी लगेच वाकतात. ऑपरेशनआधी त्याचं हिमोग्लोबिन 10 च्या आसपास आणतो, पण रक्त भरमसाट चढवतही नाही, कारण फार घट्ट झालं तर पुन्हा वाटा तुंबतात. शिवाय आधी अनेकदा रक्त चढलेलं असेल तर त्याच्या अंगात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात आणि जुळणारी पिशवी शोधायला एखादा दिवस जातो. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल, तर "नुसता वाहक आहे" असं असलं तरी, पहिल्या दिवशी सांगा. लपवू नका. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

चला, आत जाऊ. थिएटरमध्ये.

मांसातली शीर तुटली तर ती आकसते, चिमट्यात धरता येते, जाळून बंद करता येते. हाडाचं तसं नाही. हाडाला भोक पाडलं, आतून कोरलं, की कापलेल्या पृष्ठभागावर सगळीकडून रक्त पाझरतं. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ओल सुटते ना, तसं. धरायला एक शीर सापडत नाही. यासाठी एक फार जुना उपाय आहे, मेण. मधमाशीच्या मेणापासून बनवलेलं हाडाचं मेण व्हिक्टर हॉर्स्ली या ब्रिटिश सर्जननं 1892 साली मांडलं, ते आजही वापरात आहे. बोटानं दाबून हाडाच्या छिद्रांत भरतात. मात्र जिथं हाड जुळून यायचं आहे तिथं ते भरायचं नसतं, कारण मेण मधे आलं की हाड धरत नाही.

गुडघ्याला किंवा खाली काम असेल तर मांडीला हवेचा पट्टा आवळून रक्त काही वेळ थांबवता येतं. खुब्याला पट्टा बांधायला जागाच नसते. तिथं आम्ही जमेल तेव्हा कमरेतून भूल देतो, त्यानं खालच्या भागातल्या शिरांमधला दाब उतरतो आणि पाझर कमी होतो.

आणि एक इंजेक्शन. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण मला या औषधाविषयी खरंच कृतज्ञता वाटते. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो या जपानी जोडप्यानं युद्धानंतरच्या ओढग्रस्तीच्या काळात संशोधन सुरू केलं आणि 1962 साली हे औषध जगासमोर ठेवलं. ते करतं काय? रक्त थांबवायला शरीर धाग्यांचं एक जाळं विणतं. त्याच वेळी ते जाळं कापणारी एक यंत्रणाही शरीरात जागी होते. मोठ्या ऑपरेशनमध्ये ही कापणारी यंत्रणा जरा जास्तच जोरात चालते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तिला धाग्यावर बसू देत नाही. विणलेलं जाळं टिकतं. 2010 साली क्रॅश-2 नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 20 हजारांहून जास्त जखमी माणसं, 40 देश, त्यात आपलाही. अपघातानंतर 3 तासांच्या आत हे इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावानं मरणारे कमी होतात. 3 तासांनंतर दिलं तर फायदा नाही, उलट नुकसानीची भीती. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

गोळा किंवा गुडघा बदलताना आम्ही ते चीर देण्याआधीच देतो. औषध स्वस्त आहे, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं. किडनी बिघडलेली असेल तर डोस कमी करावा लागतो, झटके येत असतील किंवा नुकतीच पायात, फुप्फुसात गुठळी झाली असेल तर शंभरदा विचार करावा लागतो. पण बाकीच्या पेशंटमध्ये रक्ताची पिशवी लागण्याची शक्यता यानं खूप कमी होते. जिथं पिशवी 60 किलोमीटरवरून आणायची असते, तिथं या एका ॲम्प्यूलची किंमत मला विचारा.

आता हा काटा. (गॉजचा तुकडा काट्यावर ठेवत.) आमच्या शिस्टर प्रत्येक भिजलेला गॉज यावर ठेवतात. कोरड्या गॉजचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त. सक्शनच्या बरणीत किती जमलं ते बघायचं, त्यातून धुवायला वापरलेलं पाणी वजा करायचं. मग फळ्यावर खडूनं आकडा. नुसत्या नजरेचा अंदाज नेहमी कमीच निघतो, माझाही. 300 वाटतं आणि मोजल्यावर 550 निघतं. आकडा फळ्यावर चढला की सर्जनही वर बघतात, हात जरा थांबतो, गॉज दाबून धरला जातो. खडूच्या एका आकड्यानं किती रक्त वाचतं ते मी रोज बघते.

ऊबही तितकीच महत्त्वाची. शरीराचं तापमान 36 च्या खाली उतरलं की रक्त गोठायची क्रिया मंदावते. बाहेर ऊन 45 असलं तरी एसीच्या थिएटरमध्ये, ओल्या कपड्यांत, हाडकुळ्या आजी अर्ध्या तासात गार पडतात. म्हणून आम्ही सलाईन कोमट करून घेतो, छातीवर ब्लँकेट टाकतो.

कधीकधी हे सगळं करूनही रक्त थांबत नाही. मग नुसत्या तांबड्या पेशी देऊन भागत नाही. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळं पाणी, लागतो, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट लागतात, जवळपास सारख्या प्रमाणात. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून कॅल्शियमही द्यावं लागतं. आमच्याकडे साठवणूक केंद्रात तांबड्या पेशी मिळतात, प्लेटलेट मिळत नाहीत. त्या पाचच दिवस टिकतात आणि सतत हलवत ठेवाव्या लागतात. त्यामुळे फुटलेला कडा, मोठं मणक्याचं काम, पूर्वी बदललेला गोळा पुन्हा बदलणं, असली केस मी इथं घेऊ देत नाही. सेवाग्रामला किंवा नागपूरला पाठवा म्हणते. नातेवाईक रागावतात, "इथं होत नाही त मंग दवाखाना कायले हाय?" राग समजतो मला. दूरच्या गावांचं तर आणखी कठीण, भामरागडहून गडचिरोलीला यायला दीडशेहून जास्त किलोमीटर, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. पण पेशंट धड असताना केलेला लांबचा प्रवास, टेबलावर रक्त वाहत असताना कराव्या लागणाऱ्या प्रवासापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

पिशवी नेमकी कधी लावायची? पूर्वी 10 च्या खाली गेलं की लावायचे. 2011 साली खुबा मोडलेल्या दोन हजारांवर पेशंटचा एक अभ्यास आला. हृदयविकार असलेले किंवा तो होण्याचा धोका असलेले हे लोक होते. निम्म्यांना 10 च्या खाली गेल्यावर रक्त दिलं, निम्म्यांना 8 च्या खाली गेल्यावर किंवा त्रास दिसला तर. चालता येणं, जगणं-मरणं, कशातच फरक पडला नाही. म्हणून डॉक्टर 8.6 ला "थांबू" म्हणाले तर ते कंजुषी करत नाहीयेत. छातीत दुखतंय, धाप लागतेय, उभं राहिलं की भोवळ येतेय, तर गोष्ट वेगळी. एक पिशवी साधारण 1 नं हिमोग्लोबिन वाढवते.

"माहं रक्त घ्या न, पोटचा पोरगा हाय मी." हे वाक्य ऐकलं की माझा गळा दाटतो. पण सख्ख्या नात्यातलं ताजं रक्त सरळ चढवणं धोक्याचं असतं. क्वचित, पण दिलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरावरच उलटतात, आणि जवळच्या नात्यात ती शक्यता जास्त. म्हणून तुमचं रक्त रक्तकेंद्र घेतं, एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया तपासतं आणि दुसऱ्या कुणाला देतं. तुमच्या आईला कुण्या अनोळखी माणसाचं मिळतं. रक्त दिल्यानं निंदण-डवरणीला अशक्तपणा येतो ही भीतीही काढून टाका. वय 18 च्या वर, वजन 45 च्या वर, हिमोग्लोबिन 12.5, एवढं असेल तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. त्या दिवशी भरपूर पाणी प्या आणि भर उन्हात वखर धरू नका.

आणि पिशवी आणायला पाठवाल तेव्हा बर्फाचा डबा सोबत द्या. एका मे महिन्यात एक पोरगा जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोटरसायकलवर पिशवी घेऊन आला. ऊन लागू नये म्हणून त्यानं ती शर्टाच्या आत पोटाशी धरली होती. दीड तास. किती जिवाच्या आकांतानं आणली होती त्यानं. मला ती फेकून द्यावी लागली. रक्त 2 ते 6 अंशांतच राहायला हवं, बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात लावलं नाही तर परत साठ्यात घेत नाहीत. तो पोरगा भिंतीला टेकून रडला, आणि त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं ही चूक आमची होती. तेव्हापासून आमच्या गेटवर थर्मोकोलचा डबा आणि बर्फाची पाकिटं ठेवलेली असतात. मागा, लगेच मिळतील.

ऑपरेशननंतरही दोन-तीन दिवस रक्त आत मुरत असतं, जखमेतून बाहेर काढलेल्या नळीच्या (ड्रेनच्या) डब्यात दिसतं त्यापेक्षा जास्त. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी. सुई टोचली म्हणून वैतागू नका. सुट्टी झाल्यावर लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. टाके निघाले की गोळ्या सुटतात, असं फार होतं.

उद्या सकाळी आठला आमची एक केस आहे. दिग्रसकडच्या एका मावशींचा गुडघा बदलायचाय. पहिल्यांदा आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 8.9 होतं. सात आठवडे परत पाठवलं, आधी गोळ्या, मग शिरेतून लोह. आज संध्याकाळचा रिपोर्ट 11.8. एक पिशवी जुळवून फ्रिजमध्ये राखून ठेवली आहे. ती लागली नाही तर परवा दुसऱ्या कुणाला जाईल.